आमची माई: आठवणी, काही तारखा आणि एक चुकलेली बोट

सुरंगी (धागाकर्ती)

आमची माई, म्हणजे माझ्या वडिलांची आई, गेल्या मार्गशीर्षात आंजर्ल्याच्या घरी वारली. तिला पंच्याण्णव पूर्ण होऊन शहाण्णवावे चालू होते. शेवटचे तीन आठवडे सोडले, तर ती रोज सकाळी आपली आपण उठून ओटीवर येऊन बसत असे आणि समोरच्या पाणंदीतून जाणाऱ्या कोणालाही "कुठे निघालास?" हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. वर्षश्राद्धापर्यंत तिच्या आयुष्यावर एक लहानशी पुस्तिका छापून घरातल्या मुलांच्या हाती द्यावी, असे आम्हा नातवंडांनी ठरवले आहे. येथे दापोली आणि गुहागरकडची बरीच मंडळी आहेत. माईला शिक्षिका म्हणून ओळखणारे कोणी असतील, तर त्यांनी आठवणी लिहाव्यात आणि माझ्या लिहिण्यात काही चुकले असेल, तर तेही निःसंकोच सांगावे.

माईचा जन्म १९२९ चा. माहेर आंजर्ल्याचे, नारळी-पोफळीच्या आगरातले. हर्णैहून आंजर्ल्याला यायचे, तर जोग नदीची खाडी तरीने ओलांडावी लागे. आता तिथे पूल आहे, पण माईच्या तोंडी शेवटपर्यंत "तरीवर जाऊन येते" असेच येई. तिच्या वडिलांनी तिला सातवीच्या फायनलला बसवले आणि ती पास झाली, ही त्या काळात आमच्या वाडीत मोठी गोष्ट होती. १९४६ साली लग्न होऊन ती गिरगावातल्या चाळीत गेली, ती अर्थातच आगबोटीने. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर उभी राही, किनाऱ्यापासून पडावाने तिथपर्यंत जायचे, आणि पडावात चढण्यासाठी कमरेएवढ्या पाण्यातून खलाशी माणसांना उचलून नेत. नवी नवरी परक्या माणसाच्या खांद्यावर बसून सासरी निघाली, हे माई नेहमी हसून सांगे. मात्र त्या वेळी आपण रडत होतो हे ती कधीच सांगत नसे. ते आम्हाला तिच्या धाकट्या बहिणीकडून कळले.

१९५४ मध्ये आजोबा गेले. माई पंचवीस वर्षांची होती आणि पदरात तीन मुले होती. मुलांना घेऊन ती माहेरी परतली आणि पुढच्याच वर्षी लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. ही शाळा पुढे १९६२ साली जिल्हा परिषदेकडे गेली. नेमणूक मिळाली ती दाभोळच्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यातल्या एका लहान गावात. मुले आंजर्ल्याला माझ्या पणजीपाशी आणि आई खाडीपल्याड, असा संसार कितीतरी वर्षे चालला. पंधरा दिवसांतून एकदा शनिवारची शाळा आटोपून ती निघे, शिडाच्या होडीने धोपाव्याहून दाभोळला येई, मिळेल त्या गाडीने किंवा गाडी नसली तर पायी वाट तोडी आणि शेवटी जोग नदीची तर धरून रात्री घरी पोहोचे. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठीचे मुख, तिथले पाणी गावओहोळासारखे नव्हे. रस्त्याने जावे, तर चिपळूणवरून एवढा मोठा वळसा पडे की तो विचारही कोणी करत नसे.

२००३ मध्ये दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये गाड्या वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, तेव्हा बाबांनी माईला मुद्दाम मोटारीतून तिकडे नेले. तिचे वय चौऱ्याहत्तर होते. मोटार बोटीवर चढताच ती खाली उतरली आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत पुढच्या कठड्याशी उभी राहिली. तिला गहिवर येईल, अशी बाबांची अपेक्षा असावी. माई मात्र उतरताना एवढेच म्हणाली, की यात वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, हे बरे केले. कोकण रेल्वेबद्दल तिचे मत एवढे चांगले नव्हते. जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाल्यावर लगेच तिने खेडहून मडगावपर्यंत प्रवास केला, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात मनगटावरचे घड्याळ धरून वेळ मोजली आणि परत आल्यावर तक्रार केली, की कोकणातून जाणाऱ्या गाडीतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही.

आमच्या घरातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसजवळ बुडालेल्या 'रामदास' बोटीने माई माहेरी निघाली होती. ट्राम वाटेत अडकल्यामुळे भाऊच्या धक्क्यावर पोहोचायला उशीर झाला आणि बोट चुकली, म्हणून ती वाचली आणि पुढची आम्ही सगळी झालो. बाबा दर वर्षी दिव्यांच्या अवसेला ही गोष्ट सांगत. पुस्तिकेची सुरुवात याच प्रसंगाने करावी, असा माझा विचार आहे.

दीपस्तंभ

आपल्या आजीस आदरांजली. लेख फार आवडला, परंतु आपणच दुरुस्त्या मागितल्या आहेत म्हणून शेवटच्या परिच्छेदाविषयी लिहितो. यात कोणाचा अवमान करण्याचा हेतू नाही.

'रामदास' त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. काशाच्या खडकाजवळ ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईबाहेर निघाल्यावर लगेच घडलेला हा अपघात आहे. आपल्या आजींना जायचे होते आंजर्ल्याला. दक्षिणेकडे हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी या बंदरांना जाणाऱ्या बोटी पावसाळ्याच्या तोंडाशी बंद होत आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा सुरू होत. म्हणजे जुलैत हर्णैला जाणारी बोटच नव्हती. रेवसला उतरून पुढे खुष्कीने जायचे ठरवले असे मानले, तरी अलिबाग, मग राजपुरीची खाडी, मग बाणकोटची खाडी, असा भर आषाढातला प्रवास एखाद्या कुटुंबाने तरुण सुनेसाठी निवडला असेल, हे मला पटत नाही.

अशा कथा किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांतून ऐकायला मिळतात. 'रामदास' चुकलेल्या सर्वांची मोजदाद केली, तर ती बोट आणखी दोनदा भरली असती.

सुरंगी

दीपस्तंभ, खरे सांगते, वाचून आधी राग आला. मग नकाशा घेऊन बसले आणि राग गेला. बाबा आता नाहीत, त्यामुळे त्यांना विचारता येत नाही. माईसमोर ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली गेली आणि तिने कधी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. मात्र तिने स्वतः ती सांगितल्याचेही आठवत नाही, हे आज पहिल्यांदाच लक्षात आले. रत्नागिरीला मोठी आत्या असते, तिला विचारून लिहिते.

वाशिष्ठीकाठ

धाग्याचे शीर्षक पाहून आत आलो आणि दुसऱ्या परिच्छेदातच कळले, की या आमच्या बाई. मी त्यांचा विद्यार्थी, आणि ज्या होडीने त्या खाडी ओलांडत त्या होडीचे तांडेल माझे वडील होते. त्यामुळे माझ्याकडे दोन्ही बाजूंच्या आठवणी आहेत.

शाळा देवळाच्या सभामंडपात भरे. पहिली ते चौथी सगळे वर्ग एकत्र आणि शिकवणाऱ्या बाई एकट्या. भरती-ओहोटीचे कोष्टक त्यांनी आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवले, कारण अर्धी मुले खाजणातून चालत येत आणि कोणत्या तिथीला किती वाजता पाणी चढते हे चुकले, तर मूल वाटेतच अडकण्याची भीती असे. तिथीला पाऊणपट केली, की भरतीचा तास साधारण निघतो. हा हिशोब मी आजही मनात करतो. माझ्या नातवाला तो मोबाइलवर दिसतो, पण तो का बदलतो हे त्याला सांगता येत नाही.

वडील सांगत तो प्रसंग असा. साल बहुधा १९५८ असावे, श्रावणाचे दिवस होते. बाईंच्या मुलाला गोवर निघाल्याचा निरोप आला. नारळी पौर्णिमा व्हायची होती आणि वडील होडी काढायला तयार नव्हते. बाई किनाऱ्यावरून हलेनात, तेव्हा दोन उतारू आणखी जमल्यावर त्यांनी होडी पाण्यात घातली. ओहोटी लागलेली, वरून वाशिष्ठीला पूर आलेला आणि ही दोन्ही पाणी एकाच दिशेला, म्हणजे समुद्राकडे, ओढत होती. मध्यावर वारा फिरला, शीड उतरवावे लागले आणि होडी खाडीच्या मुखाकडे वाहू लागली. नांगर टाकला, तो तळाच्या वाळूत धरेना. होडीत पाणी भरू लागले, तसे बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी पदरात बांधून डबा रिकामा केला आणि त्याने पाणी उपसायला घेतले. त्यांचे बघून बाकीच्या दोघांनीही हात चालवले. तासाभराने होडी वेलदूरच्या बाजूला रेतीवर चढली, म्हणजे जिथून निघाली होती त्याच किनाऱ्याला.

वडिलांनी सगळ्यांकडे तरीचे पैसे मागितले. दोघांनी मुकाट्याने दिले. बाई म्हणाल्या, की पलीकडे पोहोचवल्याचे पैसे असतात आणि आपण अजून अलीकडेच आहोत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पुन्हा येऊन उभ्या राहिल्या, त्याच होडीने पलीकडे गेल्या आणि उतरल्यावर एका खेपेचे पैसे वडिलांच्या हातावर ठेवले. वडील हा किस्सा सांगताना दर वेळी चिडत असत, पण बाईंखेरीज दुसऱ्या कोणासाठी त्यांनी श्रावणात होडी काढली नाही, हेही खरे.

आणखी एक आठवण माझी स्वतःची आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी चौथीत होतो. सोमवार होता. पहाटे चारच्या पुढे घरे हलली, कौले घसरली आणि आम्ही सारे खळ्यात येऊन उभे राहिलो. बाई आदल्या रात्रीच आंजर्ल्याहून परतल्या होत्या. हातात कंदील घेऊन त्या वाडीतल्या घराघरासमोर गेल्या आणि शाळेतली प्रत्येक पोर बाहेर आहे ना, हे त्यांनी नाव घेऊन पाहिले. पुढचे काही दिवस कोणी छपराखाली झोपायला धजत नव्हते. बाईंनी शाळा आंब्याखाली भरवली. एका सपाट दगडावर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि पाळीपाळीने एकेका मुलाला त्यावर लक्ष ठेवायला बसवले. पाणी थरथरले, की वेळ वहीत लिहायची. धक्के पुष्कळ दिवस येत राहिले, पण नोंद करण्याच्या नादात आमची भीती कधी गेली, ते कळले नाही. ती वही कुठे असेल, तर कृपया शोधावी.

पायवाट

सर्व प्रतिसाद वाचले. आजी थोरच होत्या, त्याविषयी वाद नाही. मला खटकते ते वेगळेच. आपल्या पिढीला अशा आयुष्यांना धाडसी म्हणायला फार आवडते. माझी आजीही तीस वर्षे डोक्यावर हारा घेऊन घाट चढली, पण तिला कोणी विचारले असते, तर तिने आनंदाने रस्ता मागितला असता. पूल नव्हता, दवाखाना नव्हता, विधवेला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून बाई होडीत बसल्या. पर्याय नसताना केलेल्या गोष्टीला साहस म्हटले, की पूल न बांधणाऱ्यांची सुटका होते. पुस्तिकेत हे जपावे, अशी विनंती.

सुरंगी

पायवाट, तुमचे म्हणणे बरेचसे मान्य आहे. फेरीबोटीवर माई जे म्हणाली, त्याचा अर्थ हाच असावा. परंतु एक माहिती देते. १९६४ मध्ये तिला आंजर्ल्याजवळच्या शाळेत बदली मिळत होती, तो कागद आमच्या घरी आहे. तिने ती नाकारली आणि १९६९ पर्यंत खाडीपलीकडेच राहिली. बाबांना याचे आयुष्यभर वाईट वाटले, कारण ते तेव्हा बारा वर्षांचे होते आणि आई आता घरी येणार, असे त्यांना कोणीतरी सांगून टाकले होते. मी एकदा माईला कारण विचारले. तिने सांगितले, की तिथे दुसरे कोणी जायला तयार नव्हते आणि ती गेल्यावर शाळा बंद पडली असती. मग थोडे थांबून म्हणाली, की शिवाय तिथे मला कोणी कुणाची विधवा म्हणून ओळखत नव्हते, बाई म्हणून ओळखत होते. म्हणजे पर्याय अगदीच नव्हता, असे नाही. त्याची किंमत मात्र तिच्या एकटीने चुकवलेली नाही, आणि हे पुस्तिकेत यावे, असे मलाही वाटते.

आगरकडचा

मी आंजर्ल्याचाच, माईंच्या घरापासून चार आगरे सोडून राहतो. बाकीच्यांनी तरुणपणीचे लिहिले, मी म्हातारपणाचे लिहितो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा माई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. सकाळी वारा वाढू लागताच त्यांनी घरातल्या सर्वांना माजघरात बसवले आणि पडवीकडे कोणालाही जाऊ दिले नाही. पडवीचे छप्पर दुपारी उडाले. संध्याकाळी आम्ही बाहेर आलो, तर आगर ओळखू येईना. पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, माड मुळासकट उपटले होते आणि घरातून कधी न दिसलेला समुद्र सरळ दिसत होता. वीज यायला कितीतरी आठवडे लागले.

सरकारची मदत आधी हेक्टरच्या हिशोबाने जाहीर झाली. आमची आगरे गुंठ्यांत मोजायची, त्यामुळे हाती काहीच येईना. ओरड झाल्यावर मग झाडांच्या संख्येवर मदत ठरली. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा पडलेली झाडे किती, यावरून घरोघर वाद झाले, कारण तोवर निम्मे खोड तोडून बाजूला केले होते. माईंकडे वही होती. कोणत्या साली कोणत्या ओळीत किती रोपे लावली, किती मेली, कोणते माड बाणवली आणि कोणते संकरित, सगळे लिहिलेले. समोरचा माणूस म्हणाला, की वहीवर पंचनामा होत नाही. माईंनी त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिले आणि स्वतः काठी घेऊन एकेका बुंध्यापाशी त्याला नेऊन मोजणी करून दाखवली. उन्हात दोन तास लागले. वहीतला आकडा एका झाडाने चुकला, तो त्यांनी तिथेच खोडून दुरुस्त केला.

पोफळीची सावली गेल्यामुळे त्यांची जायफळाची झाडे पुढच्या उन्हाळ्यात करपली. त्याचे दुःख त्यांना छपरापेक्षा जास्त झाले, असे मला वाटते. ती झाडे त्यांनी निवृत्त झाल्यावर १९८७ मध्ये लावलेली होती.

दीपस्तंभ

तांब्याची आणि झाडांची वही वाचून माझी उत्सुकता वाढली आहे. ज्या बाईंनी एवढ्या नोंदी ठेवल्या, त्यांनी 'रामदास'ची गोष्ट घरात तशीच का चालू दिली असेल? आत्याबाईंशी बोलणे झाले का?

सुरंगी

झाले. काल संध्याकाळी आत्याला सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. तांडेलाच्या पैशांवर ती खूप हसली आणि 'रामदास'पाशी आल्यावर गप्प झाली. मग जे सांगितले, ते तिच्याच शब्दांत देते.

"अगं, रामदास बुडाली तेव्हा मी आठ दिवसांची होते. माझा जन्म ९ जुलै १९४७ चा, गिरगावातल्या खोलीतला. आठ दिवसांची बाळंतीण सोयरात असते, ती धक्क्यावर कशाला जाईल? तुझ्या बाबाला हे मी दोनदा सांगितले, पण त्याला ती गोष्ट हवी होती, म्हणून मी सोडून दिले.

"बोट चुकली होती हे मात्र खरे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, म्हणून पावसाआधीच्या शेवटच्या बोटीचे तिकीट वडिलांनी काढले होते. मे महिना संपत आला होता. ट्रंक, लाडवांचा डबा, सगळे घेऊन दोघे धक्क्यावर वेळेत पोहोचले. समुद्र आधीच खवळायला लागला होता. आई मला सांगायची, की मी धक्क्यावर उभी राहून हर्णैचा विचार केला. सातवा संपत आलेला, बोटीतून पडावात उतरायचे, पडाव खालीवर होणार, आणि तिथून खलाशाने उचलून न्यायचे. मी म्हटले, मला जायचे नाही. वडिलांनी समजावले, रागावले, भोंगा वाजला, पण ती ट्रंकेवर बसून राहिली. बोट त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

"तिकिटाचे पैसे बुडाले आणि बायकोने ऐकले नाही, हे चाळीत सांगायची वडिलांना लाज वाटली. त्यांनी बोट चुकली म्हणून सांगितले. ट्राम अडकली, हेही त्यांचेच. पुढे दोन महिन्यांनी रामदास बुडाली, तेव्हा चाळीतल्या बायका म्हणाल्या, बरे झाले हो तुमची बोट चुकली. तिथून ते जुळले. वडील लवकर गेले. आई म्हणायची, त्यांनी झाकले ते मी कशाला उघडू?"

एवढे बोलून आत्याने विचारले, की तू आता हे छापणार का? मी तिला सांगितले, की माई गेल्यावर मीही लगेच कशाला उघडू, असा प्रश्न मला पडला आहे. त्यावर ती म्हणाली, की छाप, पण बाबाची गोष्टही छाप, नाहीतर त्याला वाईट वाटेल. बाबा जाऊन सहा वर्षे झाली आहेत.

तेव्हा पुस्तिका आता 'रामदास'ने सुरू होणार नाही, ती मे १९४७ च्या धक्क्यावर ट्रंकेवर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीने सुरू होईल आणि बाबांची गोष्ट त्यांच्या नावाने वेगळ्या पानावर येईल. वाशिष्ठीकाठ, भूकंपाची वही माईच्या पेटीत सापडली. मुलांची अक्षरे आहेत, शाई पुसट झाली आहे, तरी वेळा वाचता येतात. तुमचे नाव कळवले, तर तुमची पाळी कोणती होती हे शोधून त्या पानाचा फोटो पाठवते.

दीपस्तंभ, आत्याला त्या शेवटच्या बोटीचे नाव आठवत नाही. त्या मोसमात हर्णैला थांबणाऱ्या बोटी कोणत्या होत्या, हे कुठे मिळण्यासारखे असेल, तर कृपया सांगावे.